गिऱ्हाईक नसलेले मित्रकीटक : जैविक नियंत्रण, बाजारपेठ आणि सार्वजनिक संशोधन

कृषी विद्यापीठे व संशोधन संस्था यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना एकस्वे, परवाने आणि तंत्रज्ञान हस्तांतरणातून मिळणारा महसूल या निकषांना महत्त्व प्राप्त झाले आहे. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने शासकीय निधीतून झालेल्या संशोधनाची एकस्वे विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागली. भारतात त्याच धर्तीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. ते २०१४ मध्ये मागे घेण्यात आले. तथापि विचाराची दिशा कायम राहिली. या निकषांत जैविक कीड नियंत्रण कोठे बसते, हे तपासणे उद्बोधक ठरते.

पपईवरील पिठ्या ढेकूण

मूळचा मध्य अमेरिकेतील पॅराकोकस मार्जिनेटस हा पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये कोइमतूर येथे प्रथम आढळला. पपई, तुती व टॅपिओका या पिकांवर त्याने गंभीर संकट आणले. अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारणीचा परिणाम मर्यादित राहिला. २०१० मध्ये बेंगळुरूतील राष्ट्रीय कीटक ब्यूरोने (आजचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो, हेब्बाळ येथे मुख्यालय व येलहंका येथे दुसरा परिसर) अमेरिकी कृषी विभागाच्या साहाय्याने प्युर्तो रिकोहून तीन परोपजीवी कीटक आणले. विलगीकरणातील सुरक्षितता चाचण्यांनंतर ते सोडण्यात आले. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपायी उत्तम स्थिरावला आणि कीड आटोक्यात आली.

यशातच बाजाराचा अभाव

हा परोपजीवी एकदा स्थिरावला की स्वतःच वाढतो आणि शेजारच्या शेतातही पसरतो. त्यामुळे शेतकऱ्याला तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. उपाय जितका परिपूर्ण, तितकी त्याची विक्री कमी! याउलट ट्रायकोकार्ड प्रत्येक हंगामात नव्याने लावावे लागतात, म्हणून त्यांना मागणी टिकते. हुमणीविरुद्ध वापरावयाच्या कीटकरोगकारक सूत्रकृमींची भुकटी ब्यूरोने खासगी उत्पादकांना परवान्याने दिली आहे. असे हस्तांतरण स्वागतार्हच आहे, कारण त्याविना तंत्रज्ञान प्रयोगशाळेतच राहते. दोष महसुलाचा नाही. महसूल हा एकमेव मापदंड मानण्यात आहे.

वर्गीकरणशास्त्राचे मोल

आफ्रिकेत टॅपिओकावरील पिठ्या ढेकणाच्या शत्रूंचा शोध आरंभी उत्तर दक्षिण अमेरिकेत घेतला गेला. तेथील ढेकूण दिसायला सारखा, परंतु निराळ्या प्रजातीचा निघाला आणि त्याचे परोपजीवी निरुपयोगी ठरले. खरी प्रजाती १९८१ मध्ये पॅराग्वेत सापडली व तेथूनच ॲनागायरस लोपेझी हा परोपजीवी मिळाला. हाच ढेकूण २०२० मध्ये केरळात आढळला, तेव्हा ब्यूरोने तोच परोपजीवी बेनिनमधून आणून २०२२ मध्ये तमिळनाडूत सोडला. अचूक ओळख हा या सर्व कार्याचा पाया होय. मात्र कीटकांच्या नमुना-संग्रहाला वा ओळख-सूचीला कोणी ग्राहक नसतो. शिष्यवृत्ती, प्रकल्प आणि नोकऱ्या विक्रीयोग्य विषयांकडेच वळल्या, तर विद्यार्थी वर्गीकरणशास्त्राकडे पाठ फिरवतील. पुढील परकी कीड आल्यावर वर्गीकरणतज्ज्ञ ऐनवेळी घडवता येत नाही.

मूल्यमापनासाठी विचारार्थ मुद्दे

• महसुलाबरोबरच टळलेले पीकनुकसान व वाचलेल्या फवारण्या यांची नोंद संस्थेच्या वार्षिक अहवालात असावी.
• नमुना-संग्रह, विलगीकरण सुविधा व वर्गीकरणतज्ज्ञांची पदे यांना प्रकल्पाच्या मुदतीशी न जोडता स्थायी निधी असावा.
• परोपजीवी सोडलेल्या क्षेत्रात पुढील अनेक हंगाम पाहणी व्हावी. लाभ दिसण्यास प्रकल्पाच्या कालावधीपेक्षा अधिक वेळ लागू शकतो.
• शेतकऱ्यांनी अशा क्षेत्रात व्यापक परिणामी कीटकनाशके टाळावीत. विनामूल्य मिळालेला मित्रकीटक त्यांनीच नष्ट होतो.

सारांश

ज्या उपायाचा लाभ सर्वांना मिळतो, परंतु ज्याची किंमत कोणाकडूनही वसूल करता येत नाही, त्यावर खासगी गुंतवणूक होणे कठीण असते. ते काम सार्वजनिक संस्था व विद्यापीठांनाच करावे लागते. विक्रीच्या तक्त्यात अशा संशोधनापुढे शून्य दिसले, तरी पपईच्या बागेत त्याचे फळ दिसते.