आधी संगीतकार ठरवा, मग बजेट

आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीच्या माघी उत्सवात एखाद्या थोर संगीतकाराची पदं गुंफून नवं संगीत नाटक बसवायचं मंडळाच्या मनात असेल, तर मंडपवाल्याला फोन करण्याआधी त्या संगीतकाराचं निधन कोणत्या साली झालं ते बघा. खर्चातला सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो.

चालीवरचा आणि शब्दांवरचा हक्क (कॉपीराइट) वेगवेगळा असतो. कर्त्याचं निधन झालं ते वर्ष संपल्यावर पुढे 60 वर्षं तो टिकतो. 'मानापमान'च्या (1911) चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 साली गेले, पदं लिहिणारे खाडिलकर 1948 साली. 'स्वयंवर'च्या चाली देणारे भास्करबुवा बखले तर 1922 सालीच. म्हणजे इथे हक्काचा खर्च शून्य. मात्र चाली जुन्याच घ्या. 2025च्या 'संगीत मानापमान' चित्रपटातलं संगीत नवं आहे, ते फुकट नाही.

'कट्यार काळजात घुसली'चं गणित वेगळं. जितेंद्र अभिषेकींच्या चाली 2058 अखेरपर्यंत हक्कात आहेत, दारव्हेकरांचं लेखन 2059 अखेरपर्यंत. गीतरामायणावर काही करायचं तर गदिमांचे शब्द 2037पर्यंत आणि बाबूजींच्या (सुधीर फडके) चाली 2062पर्यंत. दोन ठिकाणची लेखी परवानगी, दोन रकमा.

कायद्यात हौशी मंडळांना एक सवलत आहे. प्रेक्षकांकडून पैसे न घेता, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला हौशी प्रयोग हक्कभंग ठरत नाही. पण ही सवलत सादरीकरणापुरती. पदं उचलून नव्या कथेत बसवणं हे रूपांतर झालं. त्याला परवानगी लागणारच असं धरून चाला. प्रयोग चित्रित करून यूट्यूबवर टाकायचा असेल तर त्याचीही वेगळी परवानगी घ्या.

यानंतरचा खरा खर्च वादकांचा. गाणारे नट गावात निघतील, ऑर्गनवाला मिळेलच असं नाही. ऑर्गन, तबला, व्हायोलिन असे तिघे बाहेरून आणून तीन तालमी आणि एक प्रयोग केला, की बारा मानधनं झाली. वर गाडीभाडं, जेवण, मुक्काम. त्यापेक्षा प्रत्येक पदाची पट्टी आणि लय मोबाइलवर रेकॉर्ड करून वादकांना आधी पाठवा, रोजच्या तालमी गावातल्या पेटीवर करा, आणि त्यांना एका रंगीत तालमीला नि प्रयोगालाच बोलवा. बाराची सहा होतात. तालमीची 'नाइट' (एका वेळचं मानधन) पूर्ण की अर्धी, हे आधीच विचारून घ्या. ऐनवेळी विचारलं की पूर्णच असते! रंगीत तालीम आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवा, शनिवार-रविवारी खोल्या पर्यटकांच्या दराने मिळतात.

पैसे वाचवायला रेकॉर्डेड ट्रॅक लावू म्हणाल, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. तो प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो. टेंब्यांची चाल मोकळी असली, तरी कालपरवाचा ट्रॅक मोकळा नसतो.

कागदपत्रं: संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा. नव्या संहितेची कॉपीराइट नोंदणी ऐच्छिक आहे, शुल्क 500 रुपये. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून घ्यावी लागते आणि एरवीची मर्यादा रात्री दहाची. त्या मर्यादेत बसेल असं नाटक अडीच तासांचं ठेवलंत, तर मांडव, जनरेटर आणि ध्वनिवाल्याचं बिलही त्या मानाने उतरतं.