नाद करायचा तर मापात

वहिनींचा फोन आला होता. तू जुनी एस्टीम घेतलीस आणि ती 'पळवायला' बनवणार आहेस, असं म्हणाल्या. त्यांच्या सुरात काळजी होती. मला मात्र, खरं सांगू, बरं वाटलं. कोल्हापुरात जन्माला येऊन नाद केला नाही तर केलं काय? कुणाला पाडव्याला म्हशी पळवायचा नाद, कुणाला तालमीचा. आपल्या घरात तो पेट्रोलचा आहे, एवढंच.

गाडी चांगली निवडलीस. १,२९८ सीसीचं इंजिन, कागदावर ८५ अश्वशक्ती आणि वजन नऊशे किलोच्या आत. रॅलीतली पोरं या गाडीवर उगाच जीव टाकत नव्हती. पण कागदावरचे ८५ घोडे आज तबेल्यात आहेत का, ते आधी मोजू. वीस वर्षांच्या गाडीतले दहा-पंधरा घोडे वाटेत कुठं ना कुठं निसटलेले असतात. थोडे झिजलेल्या रिंगांतून, थोडे तुंबलेल्या इंजेक्टरांतून, थोडे चिकटून बसलेल्या ब्रेकमधून. ते परत आणायला जो खर्च येतो, त्याच्या चौपट पैसे नवे घोडे विकत घ्यायला जातात. मी हे उलट्या क्रमानं केलं होतं. त्याची गोष्ट पुढं येईलच.

आधी जिवाचं बोलू. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी दगा देईल हे त्यालाही ठाऊक नसतं. गाडी उचलली की खाली स्टँड लागलाच पाहिजे, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून उटी लागलीच पाहिजे, आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवायचं. विटा लावू नकोस. वीट भार घेते घेते आणि मग एकदम भुगा होते. तुझ्या शेडची फरशी सिमेंटची आहे ना? पावसाळ्यात अंगणात मातीवर जॅक लावायचा विचारही नको. बॅटरीची ऋण तार आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची. हातातली अंगठी कपाटात ठेवून यायचं. लग्न ठरलंय म्हणून मुद्दाम सांगतो. शेडचं दार लावून इंजिन चालवायचं नाही, त्या धुरातल्या विषाला वास नसतो. आणि पेट्रोलचा पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू दे. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल दाबाखाली असतं, ते सरळ डोळ्यात येतं.

आता मोजणी. इंजिन चांगलं गरम झालं की चारही प्लग काढ, इग्निशन आणि इंजेक्टरांचे कनेक्शन सोड, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धर आणि एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघ. आकडा मॅन्युअलशी जुळतो का, हे बघायचंच. पण चौघांत एकमेकांत फरक किती, याकडे जास्त लक्ष दे. तिघं सारखे आणि एक पंधरा-वीस पौंडांनी खाली असला तर त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि परत बघ. आकडा वर चढला तर रिंगा गेल्यात, ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा गॅस्केट फुटलंय. त्या चमच्यानं माझे हजारो रुपये वाचवलेत. काढलेले प्लग क्रमानं ओळीत ठेव आणि त्यांची तोंडं बघ. दुधाच्या चहासारखा तपकिरी रंग असला तर सगळं ठीक. काजळी असली तर पेट्रोल जास्त जळतंय, पांढराफटक असला तर कमी पडतंय, तेलकट असला तर ऑइल वर येतंय.

हे सगळं वहीत लिही, मोबाइलवर नको. माझ्या वहीला ग्रीसचे डाग आहेत, पण १९९० सालची नोंद आजही वाचता येते. आणि मापात पाप करू नकोस. आपण पैसे घालून काही बसवलं की गाडी पळायला लागल्यासारखी वाटतेच. कान आणि बूड दोन्ही मालकाच्या बाजूनं साक्ष देतात.

माझी गोष्ट सांगतो. १९८८ मध्ये करिवर्धन यांनी दक्षिणेत मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही रेसची गाडी उभी केली, आणि त्या बातमीनं आमच्यासारख्यांची झोप उडाली. तेच ७९६ सीसीचं इंजिन माझ्या दारात उभं होतं. मी हिशेब मांडला. एका सिलिंडरची जागा २६५ सीसी, वर हेडमधली जागा चौतीस-पस्तीस सीसी, म्हणजे कॉम्प्रेशन पावणेनऊच्या आसपास. हेड एक मिलिमीटर घासलं तर वरची तीनेक सीसी जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन सव्वानऊच्या पुढं जातं. उद्यमनगरात म्हादबा मेस्त्रींचं नाव घेऊन मशीन सुरू करणारी माणसं होती. एकानं सकाळी घेतलेलं हेड संध्याकाळी आरशासारखं करून दिलं. त्याचं काम चोख होतं. चूक माझ्या हिशेबात होती, कारण त्यात पेट्रोल धरलंच नव्हतं. तेव्हाच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन आजच्यापेक्षा कमी. शिवाय हेड खाली आलं की टायमिंग बेल्टवरच्या कॅमची वेळही थोडी मागं सरकते, हे मला माहीत नव्हतं.

मे महिन्यात चौघांना घेऊन पन्हाळ्याला निघालो. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून टकटक, टकटक; डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. मी मागं वळून ऐटीत म्हणालो, "ऐकलं का? इंजिन मोकळं झालंय!" महिन्याभरात निळा धूर सुटला. पिस्टन बाहेर काढला तर रिंगा बसायच्या खाचांमधली कडच तुटलेली. तो आवाज नॉकिंगचा होता. ठिणगीनं पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकायचं आणि पिस्टनवर हातोडा पडायचा. तुझ्या गाडीत चढाला असा आवाज आला तर तिथंच पाय काढ, गिअर खाली घे, आणि घरी येऊन कारण शोध. कारण सापडेपर्यंत टायमिंग पुढं घ्यायचं नाव काढायचं नाही.

आता आजच्या पेट्रोलचं. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं, आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं. त्याचं ऑक्टेन चांगलं असतं, नॉकिंगला ते बरंच. पण शुद्ध पेट्रोलचा एक भाग जाळायला हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरतात. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. ऑक्सिजन सेन्सर ठीक असेल तर इंजेक्शनची गाडी ते बऱ्यापैकी सांभाळून घेते. कार्ब्युरेटरची गाडी सांभाळत नाही, ती भुकेली चालते आणि तापते. तुझ्या गाडीत आधी जुने रबरी पाइप बदल. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि मग त्याला चिरा पडतात.

पुढं थांबण्याचं. मला विचारशील तर या गाडीवर पहिले पैसे ब्रेक आणि टायरांवर घाल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ४ कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच पाणी पिऊन बसलं की १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. आपल्याकडचा पावसाळा बघता दर दोन वर्षांनी ते बदललंच पाहिजे. आंबोलीचा घाट उतरताना पेडल एकदम लोण्यासारखं खाली गेलं तर समज, पाइपात वाफ झालीय. ब्लीडिंग करताना कुठल्या क्रमानं चाकं घ्यायची ते मॅन्युअलमध्ये असतं. 'सगळ्यात लांबचं आधी' हा नियम सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही. सिलिकॉनचं डॉट ५ चुकूनही घालू नकोस. पॅड चांगले घे, डिस्क भोकाभोकांची नको. त्या भोकांनी फोटो चांगले येतात.

टायरचा हिशेब सोपा आहे. १७५/७० आर १३ चा व्यास ५७५ मिलिमीटर भरतो आणि १९५/५० आर १५ चा ५७६. म्हणजे मोठी रिम लावूनही स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही. पण रिम जड घेतलीस तर वेग घेताना, थांबताना आणि खड्ड्यात, तिन्हीकडं तोटाच. दुकानात जाताना वजनकाटा घेऊन जा. हसतील, हसू दे.

परत इंजिनाकडं येऊ, आणि दोन फसव्या वस्तूंबद्दल बोलू. उघडा कोनवाला फिल्टर बसवला की घुऽऽ असा आवाज येतो, पोरं खूश होतात. पण तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. ३० अंशांची हवा ६० वर गेली की तेवढ्याच जागेत सुमारे नऊ टक्के कमी हवा मावते, आणि तेवढी ताकद गेलीच म्हणायची. कंपनीचा डबा ठेव, त्यातला कागदी फिल्टर नवा घाल, आणि त्याचं तोंड बंपरच्या मागं थंड हवेकडे उघडतं ना, बघ. दुसरी वस्तू म्हणजे जाडजूड सायलेन्सर. पाइप वाजवीपेक्षा रुंद केला की खालच्या आरपीएमला धुराचा वेग मंदावतो आणि गाडी मिरजकर तिकटीच्या गर्दीत मेल्यासारखी चालते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नकोस. त्यानं पीयूसी तर जाईलच, शेजारच्या काकूंचं बोलणं वेगळं.

तुझा मित्र टर्बो पोलोवर लॅपटॉप लावून स्टेज वन करून आलाय म्हणे. टर्बोला ते चालतं, बूस्ट वाढवता येतो. आपल्या गाडीला टर्बोच नाही, नुसत्या चिपनं फार काही हाती लागणार नाही. त्यालाही एक सांग: त्याचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी २५० न्यूटन-मीटरपुरताच आखलेला आहे. इंजिनानं दिलं म्हणून गिअरबॉक्सला पेलतंच असं नाही.

कायद्याचंही ऐकून ठेव. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. दंड भरशील रे, पण अपघात झाला आणि विमावाल्यानं हात वर केले तर जन्मभर फेडत बसशील. दुसरं इंजिन टाकायचं ते रेसच्या ट्रॅकवरच्या गाडीत. आणि पळवायची हौस कोइमतूरच्या करी स्पीडवेवर भागव, कागलच्या हायवेवर नको.

हाताच्या सवयींचं राहिलं. प्लग आधी बोटांनी फिरवून बसव, पाना नंतर. अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की गेले. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं. 'हाताला कळतं' म्हणणारा मीही होतो. तिशीतला हात आणि सत्तरीतला हात एकच माप देत नाहीत, हे मला पान्यानंच दाखवलं. एका वेळी एकच बदल कर, मग आठवडाभर चालव, मग पुढचा. दोन बदल एकत्र केलेस आणि गाडी बिघडली तर भांडायचं कुणाशी?

रविवारी सकाळी ये. येताना पंचगंगेच्या पुलावरून फेरी मारून ये, कॉम्प्रेशन बघायला इंजिन गरम लागतं. आणि नट-बोल्ट क्रमानं ठेवायला इडलीपात्र आणायला विसरू नकोस. माझ्याकडचं काकूनं १९९१ मध्ये परत घेतलंय, अजून ती त्यातला डिझेलचा वास काढते.