एकच विद्यार्थी, अनेक मोजमापे

एका दिवसाच्या परीक्षेवरून मुलाची पात्रता ठरविण्याची रूढी आपल्या समाजास महाग पडली आहे. म्हणूनच एकाच व्यक्तीचे पुनःपुन्हा मोजमाप घेऊन निष्कर्ष कसा काढावा, ही संख्याशास्त्रीय रीत शिक्षकांप्रमाणे पालकांनीही समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आहाराविषयी असाच प्रश्न उपस्थित केला. एकाच माणसाचे अन्नसेवन दिवसागणिक बदलते. तेव्हा एका दिवसाच्या उष्मांकांवरून त्यास कुपोषित ठरविता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. वि. म. दांडेकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. मोजण्याची रीत बदलली की भुकेल्यांची गणतीही बदलते, हा त्या वादाचा धडा होय.

आता आपल्या वसतिगृहाकडे वळू. समजा, २० मुलांचे पाठांतर पहाटे व रात्री, वाचून व लिहून, अशा चारही प्रकारे तपासले. आकडे ८० मिळतील. मुले मात्र २०च. एका मुलाचे चार आकडे परस्परांशी निगडित असतात. त्यांस ८० स्वतंत्र मुलांचे मानू नये.

प्रत्येक मुलाच्या पहाटेच्या सरासरीतून रात्रीची सरासरी वजा करावी. या वजाबाकीत मुलामुलांतील मूळचा भेद गळून पडतो. मूल स्वतःशीच ताडले जाते. मग त्या २० फरकांची सरासरी, त्यांच्यातील चढउताराच्या मानाने, पुरेशी मोठी आहे काय ते पाहावे. वाचन-लेखनासाठीही असेच फरक काढावेत. लिहिण्याचा लाभ पहाटे अधिक की रात्री, हा तिसरा प्रश्न. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या फरकांचा फरक घ्यावा. तिन्ही प्रश्नांना ज्याचा त्याचा मापदंड असतो. एकच गज सर्वांना लावू नये.

वेळा तीन झाल्यास, जोडीजोडीच्या फरकांतील चढउतार सारखा आहे काय, हेही तपासावे लागते. तो सारखा नसेल तर ग्रीनहाउस व गाइसर यांनी १९५९ साली सुचविलेली दुरुस्ती करावी. चाचण्यांचा क्रमही मुलागणिक बदलावा. अन्यथा सराव आणि थकवा यांचाच परिणाम पद्धतीच्या नावे जमा होईल.

देवगाव फाट्याच्या परिसरातून ऊसतोडीस जाणाऱ्या पालकांचे मूल प्रवेशाच्या वेळी मागे दिसेलही. त्याची खरी प्रगती शेजारच्या मुलाच्या गुणांत नव्हे, त्याच्याच कालच्या आणि आजच्या आकड्यांत शोधावी. निवासी शाळेस ही संधी रोज मिळते; ती दवडू नये.