शिवाशिवी : एका खेळाचे शास्त्र

शिवाशिवीच्या खेळास साहित्य लागत नाही, आखलेले मैदान लागत नाही, आणि त्याचा नियमही एका वाक्यात सांगता येतो. ज्याच्यावर राज्य आले असेल त्याने दुसऱ्या एखाद्यास शिवावयाचे. शिवल्याबरोबर राज्य त्या दुसऱ्यावर जाते. हिंदी भाषक प्रदेशात यालाच छुआछुई म्हणतात. इतक्या साध्या खेळाचा कोणत्याच वयात कंटाळा का येत नाही?

पहिले कारण भूमिकांच्या अदलाबदलीत आहे. पळणारा आणि पाठलाग करणारा क्षणार्धात एकमेकांची जागा घेतात. त्यामुळे कोणीही कायमचा हरत नाही. असा पाठलाग इतर प्राण्यांतही आढळतो. प्राणिसंग्रहालयांतील गोरिलांच्या खेळाचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्यास थाप मारणारा गोरिला बहुधा स्वतःच आधी पळत सुटतो व थाप खाल्लेला त्याच्या मागे लागतो, असे त्यात दिसून आले.

दुसरे कारण गतिशास्त्राचे होय. धावताना वळावयाचे असल्यास पायांनी जमीन बाजूस रेटावी लागते. वेग दुप्पट झाला, तर तेच वळण घेण्यास चौपट बल लागते. म्हणून भरधाव येणारा पुढे निघून जातो, आणि कमी वेगाचा खेळाडू हुलकावणी देऊन निसटतो. खो-खोमध्ये हेच तत्त्व नियमाने पक्के केलेले आहे : पाठलाग करणाऱ्यास एकदा घेतलेली दिशा मध्येच बदलता येत नाही; पळणाऱ्यास मात्र सर्व दिशा मोकळ्या असतात. या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे झाली आणि भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. खेळात प्रबळ गडी आपले बळ आपण होऊन आवरतो. मोठा कुत्रा पिल्लाशी खेळताना स्वतःच उताणा पडतो. आजोबा नातवामागे मुद्दाम हळू धावतात. मुले तर लहान भावंडास ‘कच्चे लिंबू’ ठरवून खेळात घेतात व त्याच्यावर राज्य येऊ देत नाहीत. असे केले नाही, तर दुबळा गडी खेळ सोडून जाईल आणि खेळच संपेल. समोरच्यास संधी ठेवल्याने खेळ चालू राहतो, हा धडा मुले येथे कोणीही न शिकविता शिकतात.

निरीक्षण : शाळेच्या पटांगणावर शिवाशिवी चालू असताना दूर उभे राहून पाहा. पकडले जाणारे गडी सरळ धावताना सापडतात की वळताना? मोजून वहीत नोंद करा.