बिनतारी जाळे आणि शिक्षणाचा हक्क

संगणकांचे बिनतारी जाळे ही बाजारपेठेने आपल्याला दिलेली वस्तू आहे, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अलोहानेट’ सुरू केले. ओआहू बेटावरील मुख्य संगणक इतर बेटांवरील अभ्यासकांनाही वापरता यावा, हा त्यामागील उद्देश होता. म्हणजे या तंत्राचा पाळणा एका विद्यापीठातच हलला.

त्याचा नियम साधा होता. लहर सर्वांसाठी एकच. दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले, तर प्रत्येकाने थोडे थांबून आपला संदेश पुन्हा पाठवायचा. १९९७ मध्ये निश्चित झालेल्या वाय-फायच्या पहिल्या प्रमाणात ‘आधी ऐका, वाट मोकळी असेल तरच बोला’ हे तत्त्व आले. या मूळ नियमात कोणाचाही जन्मसिद्ध अग्रमान नव्हता.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. ‘सार्वजनिक’ हा शब्द वाचला की इतिहासाच्या शिक्षकाला महाड आठवते. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरीही अस्पृश्यांच्या ओंजळीत पाणी आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तळ्याच्या काठी जावे लागले. ठरावातील पाणी आणि ओंजळीतील पाणी यांत अंतर असते, हा महाडचा धडा आहे.

२०२० च्या टाळेबंदीत हा धडा मी स्वतःच विसरलो. वसतिगृह रिकामे झाले आणि आम्ही व्हॉट्सॲपवर पाठ पाठवू लागलो. नववीतील एक विद्यार्थिनी सकाळच्या तासाला कधीच नसे. मी तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहीत गेलो. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर तिने वही समोर ठेवली. घरातील एकमेव फोन घेऊन वडील वीटभट्टीवर जात. ते रात्री परतल्यावर ती प्रत्येक पाठ उतरवून घेई. एकही पाठ सुटला नव्हता. गैरहजर ती नव्हती. तिच्या घराची परिस्थिती पाहणारी माझी नजर गैरहजर होती.

मुलींच्या एका वसतिगृहातील मोबाईलबंदीच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचा निर्णय दिला. निवासी शाळांनी त्याचा गांभीर्याने विचार करावा. मोबाईलच्या आहारी जाणारी मुले आपण पाहतो. पालकांची चिंता खोटी नाही. परंतु केवळ बंदी हे त्याचे उत्तर नव्हे. ठरलेली वेळ, सामाईक जागा आणि जवळ बसलेला शिक्षक हे अधिक टिकाऊ उत्तर आहे.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. वाय-फाय आणि इंटरनेट एक नव्हेत. वाय-फाय म्हणजे आपल्या साधनापासून राउटरपर्यंतची बिनतारी वाट, इंटरनेट त्यापलीकडचे. म्हणून बाहेरची जोडणी तुटली, तरी शाळेतील एका संगणकावर साठवलेली पुस्तके, चित्रफिती आणि ‘किविक्स’सारख्या मोफत प्रणालीतून घेतलेला मराठी विकिपीडिया मुलांना आवारात वाचता येतो. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या हाती फोन असण्याची किंवा दरमहा रिचार्ज करण्याची गरज नाही. ग्रंथालयातील मोजके संगणक आणि एक राउटर यांवर आरंभ होऊ शकतो.

माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे की, जुने संगणक देताना वर्षातील दोन दिवसही द्यावेत. यंत्र चालवायला मुले लवकर शिकतात. पडद्यावरील मजकूर कोणी लिहिला, त्याला पुरावा काय, हे विचारायला मात्र कोणीतरी शिकवावे लागते. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय स्वीकारू नये, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश या ठिकाणी फार उपयोगी आहे.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, ती शिक्षणाचा काठ आपल्या जवळ आणण्यासाठी. आज ज्ञानाच्या लहरी आपल्या छपरावरूनही जात आहेत. त्या शेवटच्या बाकावरील मुलीच्या ओंजळीत पोहोचवणे, हे आपल्या पिढीचे काम आहे.