वीज गेली, आणि धडा उघडेना!

गेल्या वर्षी जालन्यात मी लंबकाचा धडा तयार करीत होतो. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर लंबक झुलत होता, मी समजावून सांगत होतो, आणि मंठा तालुक्यातील एका शाळेसाठी पडद्याचे चित्रण चालू होते. चाळिसाव्या मिनिटाला वीज गेली. ती आल्यावर पाहतो तो फाइल जागेवर, चांगली जाडजूड, पण उघडेना! असे का व्हावे?

आधी थोडे गणित करू. या चित्रणात कॅमेरा नसतो. पडद्यावरील ठिपक्यांचे रंगच संगणक लिहून ठेवतो. १९२० × १०८० ठिपके, प्रत्येकाला ३ बाइट. म्हणजे एका चित्राला ६२,२०,८०० बाइट झाले. सेकंदाला २५ चित्रे घेतली तर मिनिटाला सुमारे ९३३ कोटी बाइट! एवढी रास ठेवणार कुठे? पण हलतो तो फक्त लंबक, मागचा पांढरा भाग तोच राहतो. म्हणून एक चित्र पूर्ण लिहायचे आणि पुढे केवळ फरक. मधूनमधून पुन्हा एक पूर्ण चित्र.

आता हे तुकडे लहानमोठे झाले. कोणता कोठे सुरू होतो याची यादी हवी. एमपी-४ प्रकारच्या फाइलीत ती बहुधा शेवटी, चित्रण थांबवल्यावर लिहिली जाते. मोंढ्यात दिवसभर पोती उतरावीत आणि मुनीमजींनी वही संध्याकाळी लिहावी, तसे. वीज आधीच गेली, तर पोती आहेत, वही कोरी! एमकेव्ही प्रकारात मात्र जणू प्रत्येक पोत्याला चिठ्ठी बांधलेली असते. वीज गेली तरी तोवरचा बहुतेक भाग दिसतो.

लिनक्सवर 'ओबीएस स्टुडिओ' हा मोफत प्रोग्रॅम पडदा आणि आवाज दोन्ही टिपतो. त्यात एमकेव्ही निवडा. नंतर त्याची एमपी-४ फाइल करता येते; चित्रे पुन्हा दाबावी लागत नाहीत, नुसती बांधणी बदलते, म्हणून वेळ फार लागत नाही. आणि चाळीस मिनिटे सलग बोलूही नका! मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे अशाच चित्रणातून बनतात, मराठीतही. एकेक धडा साधारण १० मिनिटांचा असतो. मी तसे केले असते तर पहिले तीन धडे हाती राहिले असते.

करून पाहा : दोन मिनिटे स्थिर पडदा चित्रित करा, मग दोन मिनिटे खिडक्या सतत हलवत. दोन्ही फाइलींचे आकार वहीत लिहा. दुसरी किती पट मोठी भरली?