पंप आहे, पण औषध छातीत जाते का?

वस्तीत दम्याचे रुग्ण भेटले की आम्ही एकच विनंती करतो, "तुमचा पंप आणा आणि कसा घेता ते करून दाखवा." एका ताईंनी टोपण काढले, पंप तोंडात धरून दाबला आणि औषधाचा पांढरा फवारा तोंडातूनच परत बाहेर आला. "पंपाने मला गुण येत नाही," असे त्या म्हणत होत्या. दोष पंपाचा नव्हता आणि ताईंचाही नव्हता. तो घ्यायचा कसा, हे समोर बसून कुणी शिकवलेच नव्हते.

दम्यात श्वासनलिका आतून सुजतात आणि आकसतात. पंपाचे औषध थेट तिथेच जाते, म्हणून ते थोडेसे पुरते. सालब्युटामॉलची लहान गोळी 2 मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात मात्र 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या गोळीचा विसावा भाग औषध असते. तेव्हा "पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचा उपाय" ही भीती मनातून काढून टाका.

दाबायचा पंप असा घ्या :

1. ताठ बसा किंवा उभे राहा. टोपण काढा, पंप चांगला हलवा.
2. श्वास पूर्ण बाहेर सोडा.
3. पंपाचे तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा.
4. तोंडाने सावकाश श्वास आत ओढायला लागा आणि त्याच क्षणी पंप एकदा दाबा. श्वास ओढत राहा.
5. मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखून धरा.
6. दुसरा दाब घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पुन्हा पंप हलवा.

दाबणे आणि ओढणे यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, वापरा. लहान मुलांना स्पेसरनेच द्या. अगदी लहानांना मास्क लावून. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवा, फडक्याने पुसू नका.

कॅप्सूलच्या पंपाची रीत वेगळी. त्यातली कॅप्सूल गिळायची नसते! ती पंपात घालून फोडायची, श्वास बाहेर सोडायचा, पण पंपात फुंकायचे नाही. मग ओठ मिटून जोराने आणि खोल श्वास ओढायचा. आत पावडर उरली तर पुन्हा ओढायचा.

पंपांची कामे दोन. एक धाप लागल्यावर लगेच आराम देतो, दुसरा आतली सूज कमी करतो. दुसरा रोज घ्यावा लागतो, बरे वाटले तरी. काहींना दोन्ही कामांसाठी एकच पंप दिलेला असतो. आपला कोणता, हे डॉक्टरांना विचारून त्यावर खूण करून ठेवा. सूज कमी करणाऱ्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकून टाका, नाहीतर तोंड येते. आरामाचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा ताब्यात नाही, असे समजा आणि दवाखान्यात जा.

पंप संपला की नाही हे पाण्यात तरंगवून कळत नाही. 200 दाबांचा पंप रोज चार दाब घेतल्यास 50 दिवस पुरतो. सुरू केल्याची तारीख त्यावर लिहा.

घरातला धूरही बघा. चूल, डासांची कॉइल, विडी यांनी दमा उसळतो. घरात दमेकरी असेल तर वंदनेला फुले पुरेत, अगरबत्ती नको.

धाप वाढली तर रुग्णाला बसते करा, आडवे झोपवू नका. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर आरामाच्या पंपाचे चार दाब, स्पेसरमधून एकेक करून द्या. चार मिनिटांत आराम नाही तर पुन्हा चार द्या आणि 108 ला फोन करा. बोलताना वाक्य पुरे होत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील तर वाट पाहू नका. फोन आधी करा, गाडी येईपर्यंत पंप देत राहा.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. त्या ताईंनी आमच्यासमोर तीनदा करून पाहिले. तिसऱ्या वेळी फवारा बाहेर आला नाही. आता शेजारणीला पंप घ्यायला त्याच शिकवतात.